लवंग्याची समाधी

"बाबा, कुत्र्याला समाधी लागते का हो?"

अच्युतने हे विचारलं तेव्हा केवळपुरीबाबांनी खांद्यावरची झोळीसुद्धा उतरवली नव्हती. परगावचा मुक्काम आटोपून ते नुकते टेकडी चढून मठात आले होते.

"कुणाला लागलीय?"

"लवंग्याला."

लवंग्या म्हणजे मठातला कुत्रा. कुणा साहेबाने बदलीच्या वेळी मागे ठेवलेला. वीतभर पाय, त्यांवर हातभर पाठ. तोंड आरतीला पोचलं तरी शेपूट स्वयंपाकघरातच. तो भुंकला की नदीपलीकडच्या म्हशी पान्हा चोरायच्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा... पण त्या म्हशी आता नाहीत. टेकडीवर गाड्या चढतात, कडुनिंबाच्या पाराला लोखंडी कठडा आलाय. त्या काळी डोळे मिटून नुसत्या गवती चहाच्या वासाने चढत गेलं तरी माणूस मठात पोचायचा.

अच्युत हा बाबांचा सगळ्यांत शिकलेला शिष्य. पाठांतर असं, की झोप लागली तरी श्लोक चालू. मात्र इतकी वर्षं ध्यानाला बसून पायाला मुंग्या येण्यापलीकडे त्याला काही झालं नव्हतं.

"लक्षणं सांग," बाबा म्हणाले.

"मान सदा खाली. वर बघायचं तर नुसते डोळे उचलतो. केवढी नम्रता!"

"हं."

"अन्नत्याग. ताटली पुढ्यात ठेवली तरी तोंड लावत नाही. पारावर उडी मारून तुमच्या गादीशी बसायचा, तेही सोडलं. आणि बाबा, भर उन्हात अंग थरथरतं... रोमांच!"

"आणखी?"

"उचलायला गेलं की टाहो फोडतो. विरह असणार." अच्युतचा आवाज बारीक झाला. "त्याला आठवड्यात लागली, बाबा. माझं काय चुकतंय?"

बाबांनी झोळी उतरवली. पाराकडे गेले.

पारासमोर पाच-सात मंडळी हात जोडून उभी होती. मधे लवंग्या. पाठीला पोक, पोट आवळलेलं, गळ्यात झेंडूचे हार आणि हारांखाली पितळी घंटेचा जुना पट्टा. एरवी बाबांची चाहूल लागली की तो धडपडत पायऱ्या उतरून अर्ध्या टेकडीवर भेटायचा.

आज नुसते डोळे वर झाले.

बाबा आडवे झाले. पालथे, मातीत, गाल जमिनीला टेकवून. त्याच्या नाकासमोर नाक.

मागे सगळ्यांनी धडाधड साष्टांग घातले. एका भल्या गृहस्थाने तर उरलेला हार बाबांच्याच पाठीवर ठेवला.

लवंग्याला आता डोळे उचलावे लागले नाहीत. शेपूट एकदा हललं.

बाबांनी पडल्या पडल्या त्याचे हार काढले. पट्टा सोडला. मग ताटली हातात घेऊन त्याच्या तोंडाच्या उंचीला धरली.

लवंग्या खायला लागला. भराभरा, उपाशी पोरासारखा.

"म्हणजे... अन्नत्याग?"

"मान वर-खाली होत नाही रे त्याची. दुखतंय."

मंडळी गुडघे झटकत एकेक करून उठली.

"मी याच्यापुढे उदबत्ती लावत होतो, बाबा," अच्युत म्हणाला.

"मोठी टोपली आण. तळाला घोंगडी घाल."

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मानेपासून शेपटापर्यंत मणका चाचपला. म्हणाल्या, "लांब पाठीच्या कुत्र्यांचं हे नेहमीचं दुखणं. उड्या बंद, पायऱ्या बंद, गळ्यात पट्टा नको. लहानशा जागेत पडून राहू दे. औषध मी देते तेवढंच. माणसांची गोळी दिलीत तर जिवावर बेतेल."

"चालेल ना तो?" अच्युतने विचारलं.

"जपलंत तर चालेल. मागचे पाय लटपटले, ओढायला लागला किंवा लघवी अडली, तर तस्सं उचलून आणा. सकाळची वाट बघू नका."

आंब्याच्या मोठ्या पेटीत लवंग्याची गादी झाली. बाबांचीही गादी पारावरून खाली आली, पेटीशेजारी. ती पुन्हा कधी वर गेली नाही.

"त्याला बाहेर न्यायचं-आणायचं तुझ्याकडे," बाबा अच्युतला म्हणाले.

"पण पहाटेची माझी बैठक..."

"तीच त्याची लघवीची वेळ."

एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ फळीसारखी सरळ. पहिल्यांदा उचललं तेव्हा लवंग्या असा ओरडला की अच्युतचा श्लोक अर्ध्यावर तुटला. पुढे ओरडणं कमी झालं. मग कण्हणं. मग तेही थांबलं.

आंब्यांचा मोसम संपला. एका संध्याकाळी पेटीतून भुंकणं ऐकू आलं, आणि पलीकडे म्हणे ऐन धारेला बादल्या रिकाम्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी लवंग्या स्वतःच्या पायांनी निंबाला फेरी घालून आला. सावकाश, पण चारी पाय जागेवर.

त्यानंतरही अच्युत त्याला पायऱ्यांवरून उचलूनच आणायचा. असाच एकदा दिवेलागणीला घेऊन आला आणि पेटीपाशी थांबला.

"बाबा, ध्यान पार बुडालं माझं. मला समाधी कधी लागणार?"

"त्याला खाली ठेव. मग विचार."

अच्युतने खाली बघितलं. लवंग्या त्याच्या मनगटावर हनुवटी टेकून झोपला होता.

अच्युत तसाच उभा राहिला.

आरती सुरू झाली, संपली. चहा आला, त्यावर साय धरली. एक डास त्याच्या कानावर पोटभर जेवून उठला. अच्युत हलला नाही...

लवंग्याने जांभई दिली. अच्युतने वाकून त्याचे चारी पाय एकदम घोंगडीवर टेकवले आणि पेटीशेजारीच बसला.

बाबांनी गार चहा त्याच्याकडे सरकवला.

"हं. काय विचारत होतास मघाशी?"