मधल्या घराची घागर

वाघोशी गावात तिसऱ्या वर्षीही पाऊस पडला नाही. पाण्याचे गाडे मागायला सगुणा दरबारात आली. घरी तिची सासू तापाने फणफणत, कोरड्या ओठांनी पडून होती.

दिवाणांनी ऐटीत तक्ता वाचला. "रोज एक घागर मिळणारी घरं तीस, दोन मिळणारी नऊ. एकशे बावन्न घागरींचं घर एक, ते आमचं. विहीरच आमची आहे. एकूण घागरी दोनशे, घरं चाळीस. सरासरी घरटी पाच! गाडे हवेत कशाला?"

महाराजांनी मान डोलावली.

सगुणा म्हणाली, "महाराज, कमी पाण्यापासून जास्त पाण्यापर्यंत घरं ओळीने उभी करा आणि मधल्या घराला विचारा. ते एकच घागर सांगेल. आणि दिवाणजी, तक्त्यात तुमचं पाणी आमच्यात मिसळलंत, मग आमच्या रांजणात का नाही मिसळलंत?"

महाराजांनी खजील होऊन ती विहीर गावाला खुली केली.

पहिली घागर घेऊन सगुणा धावत घरी आली. तिने सासूच्या ओठांवर पाणी सोडलं. ते घशाखाली उतरलंच नाही. थंड गालावरून ओघळून उशीत जिरलं.