नऊ तारा

"आणि या नऊ कुठे गेल्या?"

बाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं. उन्मेषला वाटलं होतं, त्या सरळ शेवटच्या पानावर जातील आणि सही करतील.

"कोणत्या नऊ?"

"वहीत चाळीस तारा आहेत. शोधनिबंधात एकतीस."

गोडांबेबाई टेकडीवरच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवत. निवृत्तीला चार महिने राहिले होते. उन्मेष बारटक्के हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी, आणि सगळ्यांत हुशार. असं बाई म्हणत, आणि उन्मेषही.

तीन वर्षं त्याने एकच काम केलं होतं. केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक सिलिकॉनच्या तारा वाढवायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक उचलायची, दोन्ही टोकं चिकटवायची आणि तुटेपर्यंत ताणायची. सिलिकॉनचा जाड तुकडा काचेसारखा फुटतो. त्याचीच तार काढली, तर ती जितकी बारीक तितकी दणकट. उन्मेषच्या तारांनी जाड तुकड्याच्या दहापट ताण सोसला होता.

निबंध पाच वाजायच्या आत पाठवायचा होता. तो गेला तरच परदेशातली जागा त्याची. आणि बाईंच्या सहीशिवाय तो जाणार नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या नऊ तारा हिशेबात धरण्यासारख्या नव्हत्या, असं उन्मेषने सांगितलं. निम्म्या ताणालाच तुटल्या. इतक्या बारीक कामात पकड ढिली राहते, सगळीकडेच असं होतं, आणि सगळेच त्या सोडून देतात.

बाईंनी वही जवळ ओढली. नऊ ओळींपुढे त्याच्या सुबक अक्षरात दोनच शब्द होते. पकड सैल.

"पकड सैल असली तर तार सुटते. तुटते कशी?"

उन्मेषने खुर्ची पुढे ओढली.

"…कशी?"

"बाई, त्या नऊ घेतल्या तर आकडा खाली येतो."

"तुझी आई फुगल्या तेवढ्याच पोळ्या केल्या म्हणून सांगते का रे?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

या आकड्याची वाट कोण बघतंय, हे त्यांनी विचारलं. त्यांना ते ठाऊक होतं. उन्मेषनेच वर्षभर सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं. एक कारखाना तान्ह्या बाळाच्या शिरेत घालायची बारीक नळी बनवत होता. रक्ताचा दाब मोजायला नळीच्या टोकाशी अशी एक तार बसणार होती. तिच्यावर किती भार टाकायचा, ते या आकड्यावरून ठरणार होतं.

"तिथे तार जागेवर कोण बसवणार?"

"त्यांच्याकडच्या मुली. सुईने उचलून. माझ्यासारखंच."

"तुझ्यासारखंच," बाई म्हणाल्या.

आणि उठल्या.

उन्मेषने घड्याळाकडे पाहिलं. चार पंचवीस.

खोलीच्या कोपऱ्यात एक जुना गॅसचा बर्नर होता. नवीन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला बाई पहिल्या आठवड्यात त्यावर काचेचा धागा ओढायला लावत. उन्मेषने तेव्हा ते टाळलं होतं. आपण जत्रेत काचेचे मोर विकायला आलेलो नाही, असं तो मित्रांना म्हणाला होता. बाईंच्या कानावर ते गेलं होतं.

आता त्यांनी बर्नर पेटवला. पेन्सिलीएवढी एक काचकांडी दोन्ही हातांनी आडवी धरून ज्योतीत फिरवत राहिल्या. मधला भाग नारिंगी झाला, लोंबू लागला.

"बाई, पाचला…"

कांडी ज्योतीबाहेर आली आणि त्यांचे हात झटकन दूर झाले. दोन तुकड्यांच्या मध्ये हातभर लांब धागा उरला होता. केसाहून बारीक. उजेडात धरला तरच दिसत होता.

बाईंनी धाग्याला बोट लागू दिलं नाही. टोकांचे तुकडे धरून हात जवळ आणले. धागा वाकला, त्याचा फास झाला. बांगडीएवढा. मग अंगठीएवढा. धागा तुटला नाही. त्यांनी हात लांब केले, तो पुन्हा सरळ झाला.

मग त्यांनी तसाच दुसरा धागा ओढला आणि उन्मेषपुढे केला.

"धर. कर तसंच."

त्याने एक टोक धरलं, दुसरं बाईंकडेच राहू दिलं. मोकळ्या हाताच्या चिमटीतून त्याने धागा एकदा हलकेच ओढला. सुईत ओवण्याआधी दोरा ओढतात, तसा. मग दुसरं टोक घेतलं आणि हात जवळ आणले.

फास बांगडीएवढाही झाला नव्हता. टिक असा आवाज आला.

"ही काच बरोबर नसेल."

बाईंनी त्याच कांडीचा तिसरा धागा ओढला. या वेळी उन्मेषने श्वास रोखला होता. पण हाताची सवय जाईना. धागा पुन्हा एकदा चिमटीतून सरकला.

टिक.

"माझी पकड…" तो म्हणाला, आणि थांबला.

बर्नरचा सूं आवाज येत राहिला. बाईंनी तो बंद केला. मग घड्याळ ऐकू यायला लागलं.

"बोटांतून का ओढलास?"

"धूळ असेल म्हणून…"

त्याने तुटलेले तुकडे टेबलावर ठेवले. मग वही स्वतःकडे फिरवून घेतली आणि त्या नऊ ओळी एकेक करून वाचल्या. बराच वेळ लागला. चार चाळीस झाले होते.

"बाई, या नऊ…" त्याचा आवाज खाली आला होता. "या सुईवरून निसटल्या होत्या. खाली पडल्या. मी त्या परत टोचून उचलल्या. काही दोनदा."

"बाकीच्या?"

"त्या पहिल्याच खेपेला आल्या."

बाईंनी निबंध उचलला, कडा जुळवल्या आणि त्याच्यापुढे ठेवला. सही नव्हती. पेन त्यांनी त्यावर आडवं ठेवलं, टोपण काढून.

उन्मेषने पेनाला हात लावला नाही.

"हे आता लिहायला बसलो तर पाच वाजून जातील."

"जातील."

"तीन वर्षं, बाई."

बाई खिडकीपाशी गेल्या.

"मी त्यांना काही केलं नव्हतं हो. ओरखडाही दिसत नव्हता. तपासलं होतं मी. नुसती सुई लागली होती."

बाई वळल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या,

"तेवढंच लिहायचं राहिलंय."