ताम्रपटावरची एक ओळ

ही कथा मी सांगायची नव्हती. आमच्या विहारातले भन्तेजी ती पौर्णिमेला सांगणार आहेत, आणि तोवर कुणापाशी बोलू नकोस असे त्यांनी मला बजावले आहे. पण मला दम धरवत नाही.

पूर्वी वेणुवती नगरीत राजा जयसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध, मतिवर नावाने त्याचे न्यायामात्य होते. कुणी नवे साधन घडवले की राजा त्याला ताम्रपट देई. मग बारा वर्षे ते साधन त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याने बनवायचे नाही. ताम्रपटावरचा मजकूर मतिवर स्वतः रचीत. तांबे महाग, म्हणून पत्रा वीतभरच असे आणि सगळे एका ओळीत बसवायची रीत होती. मतिवरांच्या त्या सुटसुटीत ओळींचे राजसभेत फार कौतुक होई.

एका म्हाताऱ्या सुताराने पायाने चालणारा उसाचा चरक घडवला होता. तो वारल्यावर मणिकंठ शेटजीने त्याच्या मुलांकडून ताम्रपट विकत घेतला. चरक त्याने एकही बनवला नाही. फिर्यादी मात्र लावल्या, विणकरांवर, लोहारांवर, धार लावणाऱ्यांवर. न्यायसभेत दिवसचे दिवस खोळंबण्यापेक्षा लोक काहीतरी देऊन सुटका करून घेत.

उत्तरा कुंभारीण नमली नाही. तिचा एक हात अधू होता, म्हणून तिने पायाने फिरवायचे चाक बनवले होते. ते मोडावे लागले असते तर तिची चूल विझली असती.

सभेत मणिकंठाने ताम्रपट वाचला, "पायाने हलवायचे प्रत्येक साधन याचे. आणि खाली मुद्रा कुणाची, ते अमात्यांनीच पाहावे."

मागून एक आजी म्हणाली, "शेटजी, मी नातवाचा पाळणा पायाने हलवते हो. उचलून नेता का? पोर आत आहे, जरा सांभाळून!"

सभा खदखदून हसली. मतिवर हसले नाहीत. मुद्रा त्यांची होती, ओळही त्यांचीच. ती उचलून धरली तर उत्तराचे चाक जाणार होते, खोडून काढली तर त्यांचा इतक्या वर्षांचा लौकिक. ते आसनावरून उठले.

"महाराज, चूक माझी आहे. सुताराने एक चरक घडवला. ओळ देखणी व्हावी म्हणून मी राज्यातले सगळे पाय त्याच्या नावावर केले."

राजाने विचारले, "मग आता काय करावे?"

"ताम्रपट हातभर करावा, आणि साधन कसे चालते ते त्यावर नेमके लिहावे. तीन वर्षांत जो ते बनवणार नाही, त्याचा हक्क संपावा. आणि उगाच फिर्याद लावणाऱ्याने समोरच्याचे जितके दिवस बुडवले, तितके दिवस त्याच्याकडे राबावे."

"एवढे तांबे कुठून आणायचे?"

"माझ्या घरची भांडी आहेत."

मणिकंठ एकोणीस दिवस उत्तराकडे माती तुडवीत होता. "शेटजी, खडे नीट वेचा," ती म्हणे, "मडके फुटले तर फिर्याद लावीन हं!" त्यातलेच एक मडके मतिवरांच्या घरी गेले, आणि ते आनंदाने त्यातले पाणी पीत.

ही गोष्ट सांगून तथागत बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा मणिकंठ म्हणजे देवदत्त, राजा म्हणजे आनंद, आणि मतिवर मीच होतो. स्वतःची चूक चारचौघांत सांगणे, हीच सत्य पारमिता." आणि पाळणेवाली ती आजी म्हणजे—

आले गं आई, आले!