पिवळंधमक व्हॅनिला

इचलकरंजीत सुनेत्रा चौगुलेचा साखरपुडा होता. जेवणं झाली, व्हॅनिला आइस्क्रीमच्या वाट्या फिरल्या आणि नवरदेवाचे काका बाबासाहेब मगदूम यांनी आपली वाटी दूर सारली.

"हे पांढरं कसलं व्हॅनिला? आम्ही क्लबात रोज फ्रेंच व्हॅनिला खातो, दाट, पिवळंधमक. ते आणा, नाहीतर आम्ही उठतो!"

सुनेत्राच्या वडिलांचा चेहरा उतरला. तेव्हा सुनेत्राच पुढे आली.

"मागवते ना, काका. फक्त आजींना विचारते. त्याला पिवळा रंग अंड्याच्या बलकाने येतो. तुमच्या घरात चालेल ना?"

बाबासाहेबांच्या आई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी जन्मात घरात अंडं येऊ दिलं नव्हतं. त्यांनी लेकाकडे रोखून पाहिलं.

"बाबू, रोज काय खातोस म्हणालास?"

बाबासाहेबांना दरदरून घाम फुटला.

"आजी, क्लबात बिनअंड्याचं करत असतील," सुनेत्रा हळूच म्हणाली, "नुसता रंग घालून."

"हो हो, नुसता रंगच!" बाबासाहेबांनी वाटी ओढली आणि चाटूनपुसून संपवली.

निघताना त्यांनी सुनेत्राच्या वडिलांचे हात घट्ट धरले.

"चौगुले, अशी पोरगी आमच्या घरात देताय, हे तुमचे उपकार आहेत."