सहाव्या सवाष्णीचं पान

एकदा एक वृद्ध गणितशिक्षिका देवीच्या गावी राहत असत. गाव त्यांना 'बाई' म्हणे. संसाराला लागल्या तेव्हा त्यांनी देवीसमोर एक वसा घेतला होता: आपल्या अंदाजाची चूक पाहुण्याच्या पोटावर जाऊ द्यायची नाही.

त्यांची एक शिष्या होती, नुकतंच लग्न झालेली, बुद्धीनं तल्लख. गावच्या भक्तनिवासात भक्तांसाठी चाळीस खोल्या, शिवाय दोन विश्वस्तांसाठी राखीव. ऑनलाइन नोंदणी केलेल्या दहांतलं एक कुटुंब ऐनवेळी येतच नसे. आत खोल्या रिकाम्या आणि बाहेर माणसं ताटकळत. शिष्येनं तीन वर्षांच्या नोंदी अभ्यासून सूत्र बसवलं, की चाळीस खोल्यांसाठी बेचाळीस नोंदण्या घ्याव्यात. शनिवारी ते विश्वस्तांपुढं ठेवायचं होतं. तिच्या विद्येचं ते पहिलंच काम, म्हणून आधी बाईंचा होकार हवा होता.

बाईंनी कागद वाचला. "आणि जास्त आले तर?"

"पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी होईल तसं. त्या कुटुंबाला मोबाइलवर दिलगिरीचा निरोप जाईल. आपोआप."

"बरं. शुक्रवारी सवाष्ण म्हणून जेवायला ये."

होकार की नकार, तिला काहीच उमगेना.

शुक्रवारी ती पोचली, तेव्हा पाच पाटांवर पाच सवाष्णी बसल्या होत्या. सहावा पाट नव्हता. बाईंनी तिच्या पायांवर ऊन पाणी घातलं, कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "दिलगीर आहे हो. सहांतली एक नेहमी गळते, म्हणून पाचच पानं मांडली." आणि आत निघून गेल्या.

ती ओल्या पावलांनी तशीच उभी. बसावं की जावं? आपलं काही चुकलं का? आणि बाईंचा तो वसा?

"अगं बाई, गणिताच्या बाईंचंच गणित चुकलं!" शेजारच्या सरूकाकू हसल्या. शिष्येच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात बाई आतून पाट आणि वाढलेलं पान घेऊन आल्या. नैवेद्य झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी झाकून ठेवलेलं पान होतं ते.

"बस. पोळी गरम आहे तोवर जेव."

"आणि तुम्ही? सकाळपासून उपाशी आहात!"

"मी ताक घेईन." बाई शेजारी टेकल्या. "सूत्र बरोबर आहे तुझं. मीही पाच पानांवर सहा जणींना बोलावते, अन्न वाया जाऊ नये म्हणून. पण सगळ्या आल्या तर कोणाचं पान उचलायचं, ते मी आवतण देण्याआधी ठरवलेलं असतं. ते माझं. तुझ्या कागदावर तू ते दारात उभ्या असलेल्या माणसाचं ठरवलं होतंस. दारात कसं वाटतं, ते आज कळलं ना?"

शिष्येनं मान हलवली.

शनिवारी तिच्या कागदावर एक ओळ वाढलेली होती: 'खोली कमी पडेल त्या दिवशी विश्वस्तांसाठी राखलेल्या दोन खोल्या उघडाव्यात. ते मान्य नसेल, तर नोंदण्या चाळीसच घ्याव्यात.'

"आमच्या खोल्या?" अध्यक्षांनी चष्मा वर केला.

"बोलावणं आपलं आहे ना, काका," ती हळूच म्हणाली.

ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी सही केली.

आयाबायांनो, आवतण देताना अंदाज आपणही जरूर बांधावा. पण त्याआधी एक पान स्वतःच्या नावाचं झाकून ठेवावं, आणि कुणी दारात उभं राहिलं तर तेच उचलून द्यावं, एवढी विनंती.