कटोऱ्यातला बर्गर

“कशाचं हाय हे, लेकरा?”

लहानबुवांनी कटोऱ्याकडे बोट दाखवलं. कटोऱ्यात पाच बर्गर होते. हणमंतने नुकतेच डब्यातून काढून ठेवलेले, तपकिरी, गुबगुबीत, वर तीळ लावलेले.

“नाचणीचे, बुवा. पाव नाचणीचा, आत चवळीचा वडा.”

बुवांनी मान हलवली आणि पहिला बर्गर उचलला.

विचारायचं ते विचारून झालं होतं. दुसऱ्यांदा विचारणं त्यांच्या रीतीत नव्हतं.

लहानबुवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचे गुरू मोठेबुवा जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी यांचं नाव लहानबुवाच राहिलं. गावाने एकदा माणसाला लहान ठरवलं की तो म्हातारा होतो, मोठा होत नाही.

घाटमाथ्यावरच्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, टेकडीवर त्यांचा मठ. मठ म्हणजे दोन खोल्या आणि एक चूल. रोज सकाळी बुवा खाली उतरत आणि पाच घरांसमोर कटोरा धरत.

रीत साधी होती. दारात एकदाच विचारायचं, “कशाचं हाय, माय?” पटलं तर घ्यायचं, नाही तर कल्याण म्हणून पुढचं दार. पण एकदा कटोऱ्यात पडलं की ते संपवायचं. टाकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, उद्यावर ठेवायचं नाही.

गेल्या दिवाळीत बुवांच्या डाव्या पायाचा अंगठा साखरेने गेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मैदा आणि साखर तुम्हाला विष. तेव्हापासून गावातली शेंबडी पोरंसुद्धा बुवांना खरं सांगायची. सणाच्या दिवशी बायका आधीच म्हणायच्या, आज पोळी गोड आहे बुवा, पुढे व्हा. बुवा पुढे होत.

आज बुवा खाली उतरलेच नव्हते. हणमंत सकाळीच वर आला होता. पायाला पट्टी आहे, कशाला उतरता, पाचही घरांच्या वाटणीची भिक्षा मीच आणली, म्हणाला.

म्हणताना त्याने मोबाइल शेजारच्या जात्याला टेकवून ठेवला. बुवांनी पहिला घास घेतला आणि फोटो निघाला.

उद्या हणमंतच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. कॉलेजसमोर पाटी लागली होती: नाचणीचा बर्गर, मैद्याला रजा. तिच्याखाली बुवांचा फोटो लावला की झालं. ज्या माणसाला अख्खा तालुका खरं सांगतो, त्याने खाल्लं म्हटल्यावर कुणाची शंका घेण्याची छाती होती?

हणमंत लबाड होता का? तसा नव्हता. म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

त्याच्या वडिलांची, आबांची, बेकरी होती. सकाळी चहात दोन पाव, संध्याकाळी चहात दोन पाव, असं आबांनी तीस वर्षं केलं. मग साखर वाढली, डोळे गेले, मूत्रपिंडं गेली आणि आबाही गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. धाकट्या भावाचं लग्न करून देतो म्हणून झालं, आईला सांभाळतो म्हणून झालं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी हणमंत हात जोडून म्हणाला, “आबा, दुकानातला मैदा बंद करतो.”

कावळा शिवला.

कावळ्याला मैद्याचं काय पडलं होतं, देव जाणे. पण शब्द चारचौघांत दिला गेला होता, आणि हणमंत शब्दाचा पक्का होता.

दीड वर्ष तो हट्टाला पेटलेला होता. जोंधळ्याच्या पावाला भेगा पडल्या. वरीचा पाव इतका टणक झाला की बायको रेवती म्हणाली, दोन उरलेत, दाराला अडसर लावते. रताळ्याच्या जाड चकत्या भाजून मध्ये वडा ठेवला, तर वडा घसरून गिऱ्हाइकाच्या शर्टावर. कोबीच्या पानात गुंडाळून दिला, तेव्हा कॉलेजच्या पोरी म्हणाल्या, दादा, हे आम्हाला की म्हशीला?

मग नाचणी. चव जमली, रंग जमला… पण हातात धरला की मोडायचा.

चार महिन्यांपूर्वी एके दिवशी त्याने त्यात मूठभर मैदा घातला. नुसता धरून ठेवण्यापुरता. पुढच्या आठवड्यात दोन मुठी. मग निम्मा, मग निम्म्याहून जास्त. आणि एका सकाळी पाव असा फुलला की रेवतीने आनंदाने टाळी वाजवली. तिला त्याने प्रमाण सांगितलं नाही.

पुढे हळूहळू कमी करू, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि नाचणी तर होतीच की आत. नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचा रथही एवढ्याशानेच जमिनीला टेकला होता.

बुवांनी पहिला बर्गर संपवला. दात थोडे, त्यामुळे वेळ लागला.

“मऊ हाय,” ते म्हणाले.

“जी.”

“नाचणी एवढी मऊ बघितली नव्हती कधी.”

हणमंतने उकड काढल्याचं सांगितलं. पीठ उकळत्या पाण्यात शिजवून घेतलं की मऊ येतं, म्हणाला. हे खोटं त्याने न विचारता सांगितलं.

बुवांनी दुसरा उचलला.

हणमंत चपापला. त्याने फोटोपुरता एक घास हिशेबात धरला होता. फार तर एक बर्गर. मठाची रीत त्याला पाठ होती, पण डबा कटोऱ्यात रिकामा करताना ती आठवली नव्हती. फोटोत कटोरा भरलेला दिसावा, एवढंच डोक्यात होतं.

“बुवा, एक पुरे. चवीपुरता.”

“कटोऱ्यात पडलं ते पोटात.”

उरलेले दुपारी खा, असं त्याने सुचवलं. बुवांनी नुसतं नाही म्हणून डोकं हलवलं. मग, आज मी तुमच्या पंगतीला बसतो, दोन मला द्या, म्हणाला. कटोऱ्यातलं देता येत नाही, हे त्याला बोलता बोलताच कळलं.

एकेक दार बंद होत होतं, आणि बंद करणारे बुवा नव्हते.

दुसरा संपला.

बुवांनी पाय जरा पसरला. पट्टीच्या कडेला पिवळट ओल दिसत होती. हणमंतने तोंड फिरवलं. आबांच्या पायालाही अशीच ओल असायची. त्याला भीती वाटली, खरीखुरी.

उद्याची पाटी, कर्ज देणारे बँकेचे साहेब, रंगवलेलं दुकान, सगळं डोळ्यांसमोर आलं. अजून तीनच. एका दिवसाने काय होतंय? आबाही हेच म्हणायचे.

बुवांनी तिसरा उचलला. तोंडापाशी नेला…

हणमंतने त्यांचं मनगट धरलं.

जेवत्या गुरूचा हात कुणी धरत नाही. त्याने धरला, आणि घट्ट धरला.

“बुवा… मैदा आहे यात.”

बुवांनी हात सोडवून घेतला नाही.

“किती?”

“दहातले सात वाटे.”

“आणि नाचणी?”

“रंगापुरती.”

खाली कॉलेजची घंटा झाली.

“नुसत्या नाचणीचा टिकत नाही, बुवा. दीड वर्ष झालं. सगळं करून बघितलं. धरला की मोडतो. मोडणारा बर्गर कोण खाणार?”

बुवांनी तिसरा बर्गर अलगद कटोऱ्यात ठेवला आणि कटोरा हणमंतकडे सरकवला.

“मग ही भिक्षा न्हवं. उचल.”

हणमंतने तिन्ही बर्गर दोन्ही हातांनी उचलून डब्यात घातले.

“आणि जे दोन खाल्ले…?”

“त्ये माझं मी आन् डागदरीण बघू.”

हणमंतला वाटलं, आता बुवा बोलतील. शिव्या देतील, निदान उठून आत जातील. तसं काही झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. बुवा कटोरा विसळत होते.

त्याने मोबाइल उचलला. मघाचा फोटो पुसून टाकला. मग रेवतीला फोन लावला आणि प्रमाण सांगितलं, सगळं, पहिल्या मुठीपासून. तिने एवढंच विचारलं, पाटी उतरवू का?

“पाटी राहू दे,” हणमंत म्हणाला. “मैदा उतरव.”

उद्या विकायचं काय, असं तिने विचारलं. ते मला अजून माहीत नाही, पण दुकान उघडायचं, असं सांगून त्याने फोन ठेवला.

मग तो न विचारता मठाच्या चुलीपाशी गेला.

जाळ केला. डेचकीत पाणी आणि मीठ उकळलं. फळीवरच्या डब्यातलं नाचणीचं पीठ त्यात घातलं, झाकण ठेवलं, वाफ येऊ दिली. गरम उकड परातीत घेतली आणि बोटं भाजत मळली. फू फू करत मळली, पण थांबला नाही. मघाशी जे खोटं सांगितलं होतं ते आता हातांनी खरं करायचं होतं.

तळहाताएवढ्या दोन भाकऱ्या त्याने थापल्या. कडेला भेगा पडल्या. पाण्याचा हात फिरवून बुजवल्या, पुन्हा पडल्या. तशाच तव्यावर टाकल्या.

चार महिन्यांत त्याने नुसत्या नाचणीला हात लावला नव्हता. तो वास नाकात गेला आणि त्याला भडभडून आलं. त्याने डोळे पुसले नाहीत. धूर होताच, निभावून गेलं.

डब्यातल्या बर्गरमधला चवळीचा वडा काढून त्याने तव्यावर गरम केला. एक भाकरी खाली, वर वडा, वर दुसरी भाकरी. दिसायला काळीसावळी, चपटी, वाकडी. फोटोत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तो बाहेर आला. बुवांनी कटोरा पुढे केला. ते विचारण्याआधीच हणमंत म्हणाला,

“नाचणी, पाणी, मीठ. वडा चवळीचा. दुसरं काही नाही.”

“घाल.”

त्याने दोन्ही हातांनी, जिवापाड सांभाळून, ते कटोऱ्याकडे नेलं. कटोऱ्यावर येईपर्यंत टिकलं. आणि मग हातातच वरची भाकरी मधोमध चिरली, खालची तीन ठिकाणी गेली, वडा फुटला. सगळं कटोऱ्यात तुकडे तुकडे होऊन पडलं.

हणमंत त्या तुकड्यांकडे बघत राहिला. कान लाल झाले होते.

“मोडला, बुवा.”

बुवांनी भाकरीचा एक तुकडा उचलला. त्यावर वड्याचा तेवढाच तुकडा ठेवला. तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. दुसरा तुकडा उचलता उचलता ते म्हणाले,

“मोडल्याबिगर घास हुतोय व्हय रं?”