भेगेतला केसाळ किडा

समुद्र काचेच्या टाकीत मावून लोकांच्या दिवाणखान्यात राहायला आला, त्या काळातली ही गोष्ट.

हेमांगीच्या टाकीत एक केशरी मासा होता. एके सकाळी खडकाच्या भेगेतून तांबूस, केसाळ किडा डोकावला आणि खाली पडलेला दाणा उचलून आत पळाला.

"चोर!" मासा ओरडला. "कोणाला विचारून शिरलास इथे?"

हेमांगीलाही तो दिसला. "अगं बाई, हे काय उगवलंय? हे मी आणलंच नव्हतं!" म्हणत ती चिमटा आणायला धावली. मासा खूश झाला.

किडा आतूनच म्हणाला, "मी कुठून शिरणार? माझा जन्मच या खडकातला. खडक समुद्रातून उचलला, तेव्हा मी आतच होतो. तू नंतर आलास, बाबा."

तो आवाज ओळखीचा वाटला, तसा मासा चपापला. दुकानातून आणलं त्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत थरथरत तो याच पाण्यावर तरंगत होता, तेव्हा खालून कोणीतरी म्हणालं होतं, "घाबरू नकोस, बाबा. पाणी चांगलं आहे इथलं."

हेमांगी चिमटा घेऊन आली, तर मासा पर पसरून भेगेपुढे उभा.

"सरक की रे!" ती म्हणाली.

मासा जागचा हलला नाही.